व्यासपीठ रिकामे असताना

उपदेशकाची जागा रिकामी झाली, म्हणजे कोणत्याही धर्ममंडळीत पहिली चौकशी सुरू होते ती येणाऱ्या माणसाची. निरोपसमारंभ उरकतो, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि दुसऱ्याच दिवसापासून नावे फिरू लागतात. अमुक तरुण वक्ता चांगला, तमुक गृहस्थ अनुभवी, तिसरा तर आपल्याच गावचा. ज्या मंडळीसाठी हा माणूस पाहावयाचा, ती मंडळी स्वतः कशी आहे, तिच्यात कोण येते आणि कोण यावयाचे थांबले, तिला कशाची भूक आहे आणि कशाचे भय आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच कोणी करते, कारण ते आपल्याला ठाऊकच आहे असे प्रत्येक जण धरून चालतो. पश्चिमेकडील काही उदार धर्ममंडळ्यांनी ही उणीव ओळखून, नवा उपदेशक शोधण्यापूर्वी आपल्या सर्व सभासदांची रीतसर पाहणी करण्याचा प्रघात पाडला आहे. हा प्रघात काय आहे, तो का पडला, महाराष्ट्रातील एका उदार धर्मसंस्थेच्या इतिहासावरून त्याच्याविषयी काय शिकता येते, आणि जळगाव-धुळ्याकडील एखाद्या मंडळीने तो अंगीकारावयाचे ठरविले तर तिने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

धर्मस्थानाची जागा भरण्याचे जे मार्ग आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत अशा पाहणीला अवसरच नसतो. अमळनेरला बोरी नदीच्या काठी संत सखाराम महाराजांचे संस्थान आहे. वैशाखात तेथे रथ निघतो, पालखी निघते, साऱ्या खानदेशातून लोक लोटतात, आणि त्या गादीवर कोणी बसावयाचे हा प्रश्न परंपरेने सोडविलेला असतो. भाविकांनी मते द्यावीत अशी कोणाची अपेक्षा नसते आणि भाविकांचीही तशी मागणी नसते. ख्रिस्ती मंडळ्यांत दुसरा मार्ग दिसतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संस्था २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांच्या मीलनातून निर्माण झाली; तिच्यात पाळकसाहेबांची नेमणूक आणि बदली बिशपसाहेबांच्या अधिकारात होते, आणि मंडळीच्या कमिटीला विनंती-अर्ज करता येत असला तरी अखेरचा हुकूम वरून येतो. खानदेशात ज्यांनी मंडळ्या उभ्या केल्या ती मिशने, म्हणजे पश्चिम खानदेशातील स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि भुसावळ-जळगाव-चाळीसगावच्या बाजूची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, श्रद्धेच्या बाबतीत कर्मठ होती आणि आरंभीच्या काळात कारभाराची सूत्रे मिशनऱ्यांच्याच हाती असत. गादी असो की बदली, दोन्ही पद्धतींत एक सोय आहे: निवड चुकली तर दोष मंडळीकडे येत नाही.

तिसरा मार्ग ज्या पंथांनी पत्करला त्यांना ही सोय नाही. १६४८ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील प्यूरिटन मंडळ्यांनी केंब्रिज येथे आपल्या कारभाराचा जो मसुदा मान्य केला, त्यात प्रत्येक मंडळीने आपले अधिकारी स्वतः निवडावेत हे तत्त्व होते. याच मंडळ्यांच्या वंशवृक्षाच्या एका शाखेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले आणि त्यांनी पुढे अहमदनगरला केंद्र करून अमेरिकन मराठी मिशन चालविले. दुसरी शाखा त्रैक्याचा सिद्धान्त सोडून युनिटेरियन झाली आणि १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एक होऊन तिने बॉस्टन येथे मुख्य कचेरी असलेला संयुक्त संघ स्थापन केला. या संघातील मंडळ्यांना ठरीव श्रद्धावचन नाही. एकाच बाकावर ईश्वरवादी, अज्ञेयवादी, बुद्धाचा अनुयायी आणि येशूला गुरू मानणारा असे चौघे बसलेले असतात, आणि चौघेही पूर्ण सभासद असतात. त्यांच्यासमोर उभे राहून दर रविवारी बोलणारा माणूस कोणी नेमून देणार नाही. तो त्यांनीच शोधावयाचा, त्याचे वेतन त्यांनीच द्यावयाचे आणि त्याच्याशी न पटल्यास त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावयाची. जेथे समान श्रद्धा गृहीत धरता येत नाही, तेथे सभासदांच्या मनात काय आहे हे विचारून घेण्यावाचून गत्यंतर नसते. उदार मंडळीत पाहणीचा जन्म झाला तो या गरजेतून.

महाराष्ट्राला हा पेच अगदीच अपरिचित नाही. ३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन झाला. थोड्याच काळात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात आले. १८७३ मध्ये 'सुबोध पत्रिका' निघाली आणि १८७४ मध्ये गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. या मंदिरात उपासना चालवीत ते बहुतेक समाजाचे सभासदच: आठवडाभर न्यायासनावर किंवा महाविद्यालयात काम करणारे हे गृहस्थ रविवारी व्यासपीठावर बसून संतवचनांवर निरूपण करीत, आणि रानड्यांची अशी धर्मपर व्याख्याने पुढे ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाली. समाज संख्येने लहान होता, परंतु त्याची प्रतिष्ठा मोठी होती. सदाशिवराव केळकरांसारख्यांनी काही काळ प्रचारकाचे काम केले, तरी आपले सर्व आयुष्य या कार्याला वाहिलेला, धर्माचे रीतसर अध्ययन केलेला पूर्णवेळ प्रचारक असावा, ही आकांक्षा शिल्लक राहिलीच होती.

ती पुरी होण्याचा योग युनिटेरियनांमुळेच आला. ब्रिटिश युनिटेरियनांच्या वतीने अमेरिकन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड १८९५-९६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, आणि ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचे शिक्षण घेण्यासाठी येथील तरुणांना शिष्यवृत्ती देण्याची योजना आकारास आली. जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये विलायतेस गेले, एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या पंडितांच्या हाताखाली त्यांनी तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १९०३ च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मपरिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात परत येऊन ते मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. विद्या, चारित्र्य, वक्तृत्व आणि त्याग हे चारही गुण एकत्र असलेला माणूस मिळणे हे कोणत्याही मंडळीचे भाग्यच म्हणावयाचे. तरुणांचा संघ काढणे, टपालाने धर्मवाङ्मय पाठविणे, गावोगावच्या समाजांना भेटी देणे, असा कामाचा धडाका त्यांनी लावला. आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळ येथे अस्पृश्य मुलांसाठी पहिली शाळा उघडून त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद समाजाचेही धुरीण असलेल्या नारायण गणेश चंदावरकर यांनी स्वीकारले.

असे असूनही सात वर्षांनी, १९१० मध्ये, मतभेद होऊन शिंदे प्रचारकपदावरून दूर झाले. या घटनेत कोणा एकाला दोषी ठरविण्याचे कारण नाही. चंदावरकर आणि शिंदे हे दोघेही थोर पुरुष होते. परंतु दूर अंतरावरून पाहता असे वाटते की, समाजाने माणूस शोधला, तो उत्तम शोधला, त्याच्या शिक्षणाची तजवीज होईपर्यंत धीर धरला, आणि तरीही एक हिशेब कधी मांडलाच नाही. प्रचारक कोणाचा? रविवारी मंदिरात येऊन बसणाऱ्या सुशिक्षित सभासदांचा, की मंदिराच्या दाराशीही ज्यांना कोणी बोलावले नव्हते अशा लोकांचा? समाजाची तत्त्वे मान्य करून घरी जुने संस्कार चालू ठेवणाऱ्याला सभासद म्हणावयाचे, की आचरणही बदलणाऱ्यालाच? या प्रश्नांवर सभासदांची मते एकसारखी नव्हती, हे सर्वांना अंधुकपणे माहीत होते. ती किती भिन्न आहेत हे कागदावर कधी आले नाही, आणि कागदावर न आलेला मतभेद व्यक्तिगत कुरबुरीचे रूप घेतो. बंगालमध्ये याहून तीव्र प्रकार घडला. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी १८७८ च्या मार्चमध्ये कुचबिहारच्या राजाशी आपल्या मुलीचा विवाह लावला तेव्हा खवळलेल्या अनुयायांनी मे महिन्यात साधारण ब्राह्मसमाज काढला आणि त्याची घटना हेतुपुरस्सर प्रातिनिधिक ठेवली; सभासदांना विचारल्याशिवाय कोणीही त्यांच्या वतीने बोलू नये, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला होता.

शिंदे मुंबईस प्रचारक असतानाच, १९०७ मध्ये, जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली ती या संमेलनात. आणि ज्यांच्या घरी पुढे ते मुलासारखे राहिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकही तेथे होते. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे. म्हणजे ज्या परंपरेत मंडळीचे स्वातंत्र्य हे मूलतत्त्व होते तिच्यातले. तरीही वेतन मिशनचे, अधिकार मिशनऱ्यांचा आणि मंडळी देशी लोकांची, ही घडी त्यांना जाचत राहिली. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त बसू शकतील. शिंदे आणि टिळक यांची उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे एवढे दिसते की, समर्थ उपदेशक लाभणे ही अर्धीच गोष्ट. ज्यांच्यापुढे तो उभा राहणार त्यांनी आपला आवाका आधी ओळखलेला नसेल, तर उपदेशकाचे सामर्थ्यच वियोगाचे निमित्त होते.

शिंद्यांनी स्वतः मात्र पाहणीचे महत्त्व जाणले होते. १९१२ मध्ये त्यांनी 'थीइस्टिक डिरेक्टरी' या नावाचा इंग्रजी ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, त्यात हिंदुस्थानातील ब्राह्म व प्रार्थनासमाजांची आणि जगातील इतर उदार धर्मसंस्थांची माहिती एकत्र केली. धर्म हा भावनेचा विषय असला तरी धर्मसंस्था ही मोजता येण्यासारखी वस्तू आहे, हा दृष्टिकोन त्यामागे आहे. खानदेशालाही असे उद्योग परके नाहीत: धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते, कागदपत्रे आणि मठांची माहिती आयुष्यभर जमविली. पण हे संकलन बाहेरून संस्थेकडे पाहणारे होते. उपदेशकाच्या शोधापूर्वीची पाहणी संस्थेने आतून, आपणच आपली करावयाची असते, आणि म्हणून ती अधिक अवघड असते.

अमेरिकेतील युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांत हा क्रम साधारणपणे असा चालतो. जुना उपदेशक गेल्यावर ताबडतोब नवा घेत नाहीत. एक-दोन वर्षांसाठी हंगामी उपदेशक आणतात, आणि तो कायम जागेसाठी उमेदवार होणार नाही अशी सामान्यतः अट असते, कारण जुन्याचे दुःख किंवा जुन्यावरचा राग निवळण्यास काळ लागतो. या अवधीत सभासदांच्या विश्वासातील पाच-सात जणांची शोधसमिती मंडळीकडून निवडली जाते. ही समिती छापील प्रश्नावली सर्वांना देते, घरोघरी लहान बैठका घेते, जुने अहवाल आणि हिशेब चाळते, आणि त्यातून मंडळीचा एक लेखी परिचय तयार करते, ज्यात गुणांबरोबर दोषही लिहावयाचे असतात. तो वाचून इच्छुक उपदेशक आपली माहिती पाठवितात. मुलाखती गुप्तपणे होतात. ज्यांचा गंभीरपणे विचार चालू आहे अशांचे प्रवचन समिती तिसऱ्याच गावच्या मंदिरात जाऊन ऐकते, म्हणजे त्यांच्या सध्याच्या मंडळीत गवगवा होत नाही. शेवटी एकच नाव पुढे येते. तो मनुष्य आठवडाभर मंडळीत राहतो, दोन रविवार प्रवचन करतो, सर्वांना भेटतो, आणि मग मतदान होते. साध्या बहुमताने समाधान मानावयाचे नसते. शेकडा नव्वदांच्या खाली पाठिंबा असेल तर बरेच उपदेशक स्वतःच नकार देतात, कारण दहांतल्या एकाहून अधिकांच्या मनाविरुद्ध आलेला माणूस पहिल्या दिवसापासून अर्धा पराभूत असतो.

या सर्व क्रमाचा पाया प्रश्नावली आहे, आणि प्रश्न कसे विचारावेत यातच तिचे यशापयश आहे. 'तुम्हांला विद्वान, प्रेमळ आणि उत्साही उपदेशक हवा काय?' असे विचारले तर शंभरांपैकी शंभर लोक 'होय' म्हणतील आणि समितीला काहीही कळणार नाही. म्हणून निवड करावयास भाग पाडणारे प्रश्न हवेत. त्यासाठी आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची आणेवारी उपयोगी पडेल: प्रवचन, आजारी व दुःखी यांची विचारपूस, मुलांचे धर्मशिक्षण, समाजसेवा आणि कारभार या पाच कामांत उपदेशकाच्या वेळेचे सोळा आणे वाटून दाखवा, असे सांगितले की ज्याने सर्वांना महत्त्व आहे असे मोघम म्हटले असते त्यालाही कोठे दोन आणे कमी करावे लागतात, आणि त्या कमी करण्यातच त्याचे खरे मत बाहेर पडते. दुसरा नियम असा की, इच्छेपेक्षा वर्तनाविषयी विचारावे. गेल्या तीन महिन्यांत आपण किती वेळा उपासनेस आलात, घरी आजार होता तेव्हा मंडळीतून कोण आले, शेवटचे कोणते प्रवचन आठवते, वार्षिक वर्गणी किती दिली, हे प्रश्न रुक्ष वाटतात. परंतु 'आम्हांला समाजकार्य प्रिय आहे' असे लिहिणाऱ्या मंडळीचा त्या कामावरचा खर्च शून्य असेल, तर येणाऱ्या उपदेशकाला ती तफावत आधी कळणे न्याय्य आहे.

उदार मंडळीत याखेरीज श्रद्धेचा प्रश्न येतो. 'ईश्वर' हा शब्द व्यासपीठावरून वारंवार उच्चारला तर काहींना समाधान वाटते, काहींना अवघडल्यासारखे होते. प्रार्थना मोठ्याने व्हावी की मौन असावे, अभंग गावेत की भजनपुस्तकातील गीते, कोणत्या धर्मग्रंथातील वेचा वाचावा, यांवर सभासदांची विभागणी असते. आणि मग सर्वांत नाजूक प्रश्न पूर्वग्रहांचा. अमेरिकेतील मंडळ्यांना स्त्री, कृष्णवर्णीय, अपंग किंवा समलिंगी उपदेशकाविषयी आपल्या मनात काय अढी आहे हे तपासण्यासाठी खास कार्यशाळा घ्याव्या लागल्या, कारण तत्त्वतः समता मानणारे लोकही प्रत्यक्ष निवडीच्या वेळी मध्यमवयीन गोऱ्या पुरुषाकडेच वळत. आपल्याकडे याच जागी जात उभी आहे. 'आम्ही जात मानीत नाही' हे वाक्य उदार मंडळीचा प्रत्येक सभासद सही करून देईल. परंतु उपदेशक आपल्या घरी नामकरणाला, विवाहाला आणि अंत्यविधीला येणार, तेव्हा तो कोणत्या घरचा असलेला चालेल, हा प्रश्न निनावी कागदावर विचारला तर उत्तरे निराळी येण्याचा संभव आहे. ती निराळी आली तर लाज वाटेल खरी; पण नवा माणूस येऊन वर्षभर अबोल विरोध सोसून मग निघून जाण्यापेक्षा ही लाज स्वस्त आहे.

आता समजा, जळगाव-धुळ्याच्या परिसरात अशी एखादी उदार मंडळी आहे आणि तिचे व्यासपीठ रिकामे झाले आहे. तिच्यात जळगावचे प्राध्यापक आणि व्यापारी असतील, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली निवृत्त मंडळी असतील, यावल-रावेरकडचे केळीचे बागाईतदार असतील, साक्री-नवापूरकडून शिक्षणासाठी येऊन धुळ्यात स्थायिक झालेली आदिवासी कुटुंबे असतील. १९०६ मध्ये सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, १९६० मध्ये त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला; पण माणसांची येजा आणि सोयरीक या हद्दींना जुमानीत नाही. अशा मंडळीत पहिला प्रश्न भाषेचा पडेल. घरी अहिराणी, लेवा बोली किंवा भिल्ली, उपासनेत ग्रांथिक मराठी आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी, अशी परिस्थिती असताना प्रश्नावली ग्रांथिक मराठीत छापून वाटली, तर ती कळेल त्यांचीच मते येतील आणि त्यांनाच मंडळीचे मत म्हटले जाईल. अहिराणीत बोलून उत्तरे टिपून घेणारे दोन-चार कार्यकर्ते हवेत, आणि ते कमिटीतल्या वडीलधाऱ्यांपैकी नसावेत, कारण ज्यांच्या कारभाराविषयी विचारावयाचे तेच समोर लेखणी घेऊन बसले तर 'सगळं बरं चाललंय' याखेरीज दुसरे उत्तर येत नाही.

दुसरी दक्षता अशी की, प्रश्नावली घरटी एक न देता माणशी एक द्यावी. घराला एकच कागद दिला तर तो कर्ता पुरुष भरतो. सुनेचे, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे आणि ओसरीवर बसलेल्या आजीचे मत त्याच्या एका सहीत बुडून जाते. रविवारी स्वयंपाक उरकून, पोरांना आवरून उपासनेला वेळेवर पोहोचण्याची कसरत कोण करते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने उपासनेची वेळ ठरवू नये. तिसरी दक्षता निनावीपणाची. लहान मंडळीत नाव लिहिले नाही म्हणून माणूस लपत नाही. वय, व्यवसाय, मूळ गाव आणि सभासदत्वाची वर्षे हे चारही तपशील विचारले की सावद्याचा निवृत्त गुरुजी कोण हे कोणीही ओळखेल. म्हणून हवे तेवढेच तपशील विचारावेत, आणि ज्या गटात पाचांहून कमी माणसे असतील त्याची उत्तरे स्वतंत्रपणे जाहीर करू नयेत. चौथी दक्षता काळाची: कापसाच्या वेचणीत, रब्बीच्या काढणीत किंवा चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईत आणि रणरणत्या उन्हात कोणाला सवड नसते, पेरणी-निंदणी उरकून श्रावण-भाद्रपदात हे काम हाती घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे येत नाहीत त्यांना विचारावे. पटावर नाव आहे पण वर्षानुवर्षे पाऊल नाही, अशा माणसांची यादी प्रत्येक मंडळीत असते, आणि 'ते लोक तसेच' म्हणून ती गुंडाळून ठेवण्याची रीत आहे. कोणी पुण्याला किंवा सुरतेला नोकरीला गेला असेल, कोणाचा पूर्वीच्या उपदेशकाशी खटका उडाला असेल, कोणाच्या घरच्या मयतीला मंडळीतून कोणी गेले नसेल. या प्रत्येक गैरहजेरीत मंडळीविषयी एक साक्ष आहे, आणि ती साक्ष नियमित येणारे देऊ शकत नाहीत.

उत्तरे जमली की ती सर्वसाधारण सभेत, गाळल्याशिवाय, वाचून दाखवावीत. या सभेत बहुधा दोन शोध लागतात. एक असा की, ज्यांचा आवाज मोठा होता त्यांची संख्या लहान होती. दुसरा असा की, मंडळीच्या मागण्या एकमेकींस छेद देतात: उपदेशकाने भुसावळपासून धुळ्यापर्यंत घरोघर जावे आणि दर रविवारी सखोल अभ्यासाचे प्रवचनही करावे, तरुणांना खेचून घ्यावे आणि वृद्धांची एकही चाल बदलू नये, परखड बोलावे आणि कोणाला लागू नये. एका माणसाकडून, आणि बहुधा तुटपुंज्या वेतनावर, हे होणार नाही हे सर्वांच्या समक्ष स्पष्ट झाले, तर निम्मे काम साधले. कारण यानंतर मंडळी आपल्या कामांपैकी काही स्वतःकडे घेण्यास तयार होते. रानडे-भांडारकरांच्या काळी सभासदच उपासना चालवीत, याची आठवण अशा वेळी उपयोगी पडेल.

मात्र पाहणीला तिची मर्यादा ओलांडू देता कामा नये. बेरजा करून सरासरी काढली आणि त्या मापाचा उपदेशक आणला, तर तो कोणाला न दुखविणारा आणि कोणाला न हलविणारा असा निघेल. १९०६ मध्ये मुंबईच्या सभासदांत मतगणना घेऊन परळच्या शाळेचा निर्णय करावयाचा असता, तर ती शाळा त्या वर्षी उघडली असती असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? उपदेशकाची सदसद्विवेकबुद्धी बहुमताच्या ताब्यात देता येत नाही, आणि जी मंडळी ती मागते तिला उदार म्हणता येणार नाही. मग पाहणी कशासाठी? येणाऱ्याला आणि बोलावणाऱ्यांना, दोघांनाही, आपण कोठून निघत आहोत हे कळावे यासाठी. कोठे जावयाचे ते दोघांनी मिळून पुढे ठरवावयाचे आहे. परंतु निघण्याचे ठिकाण दोघांच्या मनात वेगवेगळे असले की पहिल्याच फाट्यावर ताटातूट होते.

म्हणून हा अहवाल निवड होताच कपाटात टाकावयाचा नाही. तो उमेदवाराला नियुक्तीपूर्वी द्यावा, दप्तरात जतन करावा, आणि दोन-तीन वर्षांनी सभेत पुन्हा काढून ताडून पाहावा: आणेवारीत जे वाटप केले होते त्याप्रमाणे उपदेशकाचा वेळ जातो काय, ज्या घरांनी येणे सोडले होते त्यांपैकी कोणी परतले काय, जातीच्या प्रश्नावर निनावी कागदाने जे कबूल केले होते त्यात काही फरक पडला काय. अशी उजळणी करणाऱ्या मंडळीत मतभेद राहतीलच, आणि ते राहावेतही. पण आपल्या उणिवा जिने स्वतःच्या हाताने लिहून दिल्या आहेत, तिला त्याच उणिवा व्यासपीठावरून ऐकताना रागावण्याचा अधिकार उरत नाही, आणि त्या बोलून दाखविणाऱ्याला घालवून देण्याचा तर नाहीच नाही.